टिंब, दिवसातून तीनदा

आमच्या रुग्णालयात सर्वांत जास्त लिहून दिलं जाणारं औषध पॅरासिटामॉल असणार, असं बाहेरच्यांना वाटतं. आत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे की तो मान टिंबाचा आहे. साधं टिंब, कीबोर्डावर स्वल्पविरामाच्या उजवीकडे असतं ते. औषधांची ऑर्डर टाकायच्या पडद्यावर ज्या चौकटीपुढे लाल तारा असतो, ती भरल्याशिवाय ऑर्डर जागची हलत नाही. तिथे काय भरायचं हे रात्री अडीच वाजता सुचत नसेल तर एक टिंब द्यावं; चौकट तेवढ्यावर तृप्त होते. 'औषध देण्याचं कारण': टिंब. 'आधीची औषधं': टिंब. 'रुग्णाचा व्यवसाय': टिंब. हा व्यवसाय करणारे निम्म्याहून अधिक रुग्ण आमच्याकडे सापडतील.

मध्यंतरी कोणीतरी 'ॲलर्जी' या चौकटीतही टिंब दिलं. संगणकाने ते मनावर घेतलं. त्या आजोबांना साधं ओआरएस लिहिलं तरी पडदा लाल होऊन बजावायचा: 'सावधान! रुग्णास . ची ॲलर्जी आहे.' आजोबांच्या बाकी सगळ्या चौकटी टिंबांनीच भरलेल्या होत्या, तरी त्यांना काही झालं नाही. प्रकृती चिवट असावी.

मी या रुग्णालयाच्या औषधविभागात बसतो. खिडकीच्या बाहेर नातेवाईक आणि आत मी. वॉर्डात डॉक्टर, किंवा डॉक्टरांच्या वतीने सिस्टर, जे काही भरतात ते माझ्या पडद्यावर उगवतं आणि त्याबरहुकूम मी औषधं काढून द्यायची, अशी मूळ कल्पना आहे. कल्पनेत खोट नाही.

सॉफ्टवेअर आलं तेव्हा कंपनीच्या मुलाने सगळ्यांना सभागृहात बसवून ते चालवून दाखवलं होतं. त्याच्यापाशी एक डेमो पेशंट होता. वय ३५, वजन ७०, ॲलर्जी नाही, तक्रार ताप. पॅरासिटामॉल, एक गोळी, दिवसातून तीनदा, पाच दिवस. संगणकाने स्वतः गुणाकार करून '१५' असा आकडा दाखवला आणि मेट्रन मॅडमनी टाळ्या वाजवल्या. एवढं सुटसुटीत आजारपण त्यानंतर आमच्याकडे भरती झालेलं नाही. असा माणूस भरती होईलच कशाला? तो नाक्यावरच्या दुकानातून पट्टी घेऊन घरी जातो. वॉर्डात असतात त्या ७८ वर्षांच्या आजी. मधुमेह, रक्तदाब, थकलेली मूत्रपिंडं. एक गोळी अर्धी करून, दुसरी दिवसाआड, तिसरी डायलिसिस झाल्यावरच, चौथी लागली तर, आणि शिवाय डाव्या गुडघ्याला मलम. आजींना त्या डेमो पेशंटच्या चौकटींत कोंबायचं काम रोज सकाळी राउंडनंतर सुरू होतं.

गुणाकारापासूनच सुरुवात करू. मात्रा गुणिले वेळा गुणिले दिवस, बरोबर नग. गोळ्यांना हे सूत्र चालतं. डोळ्यांच्या थेंबांना लावलं की एक थेंब गुणिले चार वेळा गुणिले सात दिवस, बरोबर २८. २८ काय? संगणकाच्या यादीत त्या औषधाचं एकक 'बाटली' असं नोंदलेलं आहे. तेव्हा २८ बाटल्या. वॉर्डातले मामा खिडकीशी इंडेंट घेऊन आले, कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दादा, लिहिलंय तसं देताय की काय? आजोबांना डोळे दोनच आहेत." त्या दिवशी पूर्ण साखळीत संशय घेण्याची सोय फक्त मामांमध्ये बसवलेली होती. खोकल्याच्या औषधाचंही तेच: पाच मिली, तीन वेळा, पाच दिवस. ७५ बाटल्यांचं बिल बघून नातेवाइकाचा खोकला थांबतो.

आता 'नग' म्हणजे काय, हे कोण ठरवतं? डॉक्टर नाही, मी नाही. ज्या दिवशी ते औषध पहिल्यांदा खरेदी झालं त्या दिवशी खरेदी विभागातल्या ज्या कोणी त्याची 'आयटम मास्टर'मध्ये नोंद केली, त्याने. त्याच्या मनात त्या वेळी पट्टी असेल तर पट्टी, गोळी असेल तर गोळी. म्हणून आमच्याकडे रक्तदाबाच्या एका गोळीपुढे १० लिहिलं तर दहा गोळ्या जातात आणि तिच्या सख्ख्या बहिणीपुढे १० लिहिलं तर दहा पट्ट्या. त्यातून पट्टी कधी दहाची, कधी पंधराची. कोणती कुठल्या जातीची, हे आम्हाला पाठ झालंय. नव्या मुलाला हे पाठ होईपर्यंत एक-दोन कुटुंबांकडे वर्षभराची बेगमी जाते.

हे आपल्याकडेच होतं असं समजून कोणी मान खाली घालायला नको. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात अशाच एका प्रणालीचा अभ्यास झाला होता. रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी तो २००५ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या 'जामा' या नियतकालिकात छापला. चुका टाळण्यासाठी आणलेली ती प्रणाली २२ प्रकारच्या चुकांना वाट करून देत होती. त्यातला एक प्रकार वाचून मी खुर्चीतून उठून सहकाऱ्याला हाक मारली: औषधविभागाच्या कपाटात गोळी ज्या वजनात ठेवलेली असे तो आकडा पडद्यावर दिसायचा, आणि डॉक्टरांना वाटायचं की हीच नेहमीची मात्रा. म्हणजे कपाटात १० ची गोळी आहे म्हणून रुग्णाला १० द्यायचे. एका रुग्णाची सगळी औषधं बघायची तर वीस-वीस पडदे पालटावे लागत, हेही त्यात आहे. आमच्याकडे इतके लागत नाहीत. आमच्याकडे तेवढ्यात सर्व्हर बंद पडतो.

मलमाची कथा निराळी. 'मात्रा' या चौकटीला लाल तारा आहे, आणि तिला आकडाच हवा, तोही मिलिग्रॅममध्ये. डाव्या गुडघ्याला किती मिलिग्रॅम चोळायचं? सिस्टरनी फोन करून मला विचारलं. मी म्हटलं, "सिस्टर, एक टाका." ऑर्डर झाली: मलम, १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. एवढंसं मलम बोटाला लागलं आहे की नाही हे भिंगातूनही कळलं नसतं, पण नोंद परिपूर्ण झाली आणि ऑडिटवाल्यांनी त्या पानाला पैकीच्या पैकी गुण दिले.

चौकटी कोणत्या क्रमाने भरायच्या, हे एक शास्त्रच आहे. आधी औषध, मग मार्ग, मग मात्रा, मग वेळा. मात्रा भरल्यावर लक्षात आलं की गोळी नव्हे, इंजेक्शन द्यायचंय, आणि मार्ग बदलला, की मात्रा पुसली जाते. मात्रा पुन्हा भरली की दिवस पुसले जातात. दिवस भरले की सुरुवातीची तारीख आजची न राहता उद्याची होते. हे सॉफ्टवेअर मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईंसारखं आहे: प्रश्न सगळे विचारायचे, पण तिसऱ्याचं उत्तर ऐकताना पहिल्याचं विसरायचं. आणि शेवटी 'सेव्ह' दाबल्यावर फक्त एवढंच म्हणायचं, 'आवश्यक माहिती अपूर्ण आहे.' कोणती, ते मात्र सांगायचं नाही.

उद्याच्या तारखेवरून आठवलं. 'दिवसातून एकदा' निवडलं की संगणक सकाळी आठची वेळ धरतो. डॉक्टरांचा राउंड होतो दहाला. आजचे आठ वाजून गेलेले, तेव्हा संगणकाच्या हिशेबाने पहिला डोस उद्या आठला. रुग्णाला ताप आज आहे, हे संगणकाला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हुशार रेसिडेंट डॉक्टर तेच औषध दोनदा लिहितात: एक आत्ताच्या आत्ता, म्हणजे 'स्टॅट', आणि एक रोजचं. मग पडदा लाल होतो: 'हे औषध आधीच सुरू आहे!' तो इशारा डावलायचा तर कारण द्यावं लागतं. कारणांची यादी आहे. 'फायदा धोक्याहून अधिक', 'रुग्ण हे औषध पूर्वीपासून घेत आहे', 'वरिष्ठांच्या सल्ल्याने'. 'तुझ्या घड्याळामुळे' हा पर्याय यादीत नाही. म्हणून 'इतर' निवडायचं. 'इतर' निवडलं की एक नवी चौकट उघडते, लाल ताऱ्यासकट. तिच्यात काय भरतात, हे वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

वेळांची यादी अक्षरानुक्रमे लावलेली आहे. वर्णमालेच्या दृष्टीने निर्दोष. रुग्णाच्या दृष्टीने 'वन्स डेली'च्या बरोबर खाली 'वन्स वीकली' येतं, आणि माउसचं चाक बोटभर जास्त फिरलं की रोजचं आठवड्याचं होतं किंवा आठवड्याचं रोजचं. इथे मला थट्टा सुचत नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते रोज पोटात गेलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात आणि माणूस जाऊ शकतो. जगभर अशा चुका झालेल्या आहेत आणि त्या औषधाला मुळातच 'आठवड्यातून एकदा' हा पर्याय आपोआप लागावा, असं औषधसुरक्षेचं काम करणारे लोक सांगत आले आहेत. आमच्याकडे आपोआप लागतं ते 'वन्स डेली'. म्हणून मेथोट्रेक्सेटची प्रत्येक ऑर्डर आली की मी फोन उचलतो. फोन हे आमच्या सॉफ्टवेअरचं सर्वांत भरवशाचं मोड्यूल आहे.

इन्सुलिनचंही फोनवरच ठरतं. आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटची कुपी मिळते आणि १०० युनिटचीही. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी. ही टोप्यांची भानगड पडद्यावर कुठेच नाही. डॉक्टर लिहितात '१०', म्हणजे दहा युनिट. संगणक समजतो दहा कुप्या, आणि फ्रीजमधला साठा संपला म्हणून मला ओरडतो.

पण खरं प्रिस्क्रिप्शन राहतं ते 'शेरा' या चौकटीत. चौकटींत जे मावत नाही, म्हणजे जवळजवळ सगळंच, ते डॉक्टर तिथे लिहितात. 'जेवणाआधी.' 'कालची बंद.' 'अर्धी गोळी सकाळी, पाव रात्री, नातवाला समजावून सांगणे.' डॉक्टरांच्या पडद्यावर ही चौकट ऐसपैस आहे. माझ्या पडद्यावर तिच्यातली मोजकी अक्षरं दिसतात, बाकीची कापली जातात. आमचे एक तरुण डॉक्टर घाईत शेरा मराठीतच टाइप करतात. एकदा इन्सुलिनपुढे त्यांनी लिहिलं होतं: 'साखर शंभरच्या खाली असेल तर देऊ नये.' माझ्याकडे आलं: 'साखर शंभरच्या खाली असेल तर दे'. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि शेवट संगणकाने छाटला होता. साखर खाली असताना इन्सुलिन 'दे' म्हणणारा डॉक्टर जन्माला यायचा आहे, एवढं मला कळत होतं, म्हणून फोन केला. डॉक्टर म्हणाले, "अहो, मी तर 'नये' लिहिलंय." मी म्हटलं, "सर, तुमचं 'नये' वॉर्डातच राहिलं." त्यानंतर ते नकार आधी लिहितात: 'देऊ नये, साखर शंभरच्या खाली असेल तर.' संगणकाने त्यांचं व्याकरण बदललं. उलटं करणं कंपनीला जमलेलं नाही.

आमच्या विभागात नव्याने रुजू होणाऱ्या मुलांना एक गोष्ट सांगितली जाते. ती आमच्याकडची नाही. २०१३ चा जुलै महिना, सॅन फ्रान्सिस्कोतलं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं नावाजलेलं रुग्णालय, उत्तम सॉफ्टवेअर, गोळ्या मोजून बांधणारा यंत्रमानव. १६ वर्षांचा एक मुलगा, वजन ३८.६ किलो. तो घरी सेप्ट्रा नावाची जंतुविरोधी गोळी घेत होता, एका वेळी एक. पण तिथला नियम असा की वजन ४० किलोच्या खाली असेल तर मात्रा किलोमागे मोजायची. डॉक्टरांनी किलोमागे ५ मिलिग्रॅम लिहिलं. हिशेब आला १९३. गोळी मिळते १६० ची. औषधविभागाने रीतसर कळवलं, '१६० करून पुन्हा लिहा.' डॉक्टरांनी १६० टाइप केलं. शेजारच्या एककाच्या चौकटीत 'मिलिग्रॅम' नव्हतं, 'किलोमागे मिलिग्रॅम' तसंच उभं होतं. संगणकाने १६० ला ३८.६ ने गुणलं. एका गोळीच्या साडेअडतीस गोळ्या झाल्या.

इशारा डॉक्टरांना आला, पण इशारे दिवसभर येतच असतात. तो डावलला गेला. औषधविभागालाही आला, तिथेही तेच. यंत्रमानवाने साडेअडतीस गोळ्या बिनचूक मोजल्या. माणूस मोजत असता तर विसाव्या गोळीला त्याने डोकं वर करून कोणालातरी हाक मारली असती. यंत्राचे हात भरून येत नाहीत. नर्सला शंका आली, तिने बारकोड स्कॅन केला, आणि यंत्राने निर्वाळा दिला की ऑर्डरप्रमाणे सगळं बरोबर आहे. ते खरंच होतं. मुलाने सगळ्या गोळ्या घेतल्या. काही तासांनी त्याला झटका आला. तो वाचला. त्याच रुग्णालयातले डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांनी २०१५ साली आलेल्या 'द डिजिटल डॉक्टर' या पुस्तकात ही साखळी कडी-कडीने उलगडली आहे. त्या पूर्ण प्रकरणात एकही माणूस कामचुकार नव्हता आणि एकही चौकट रिकामी नव्हती.

वाचकाला वाटेल, मग हे बदलून का घेत नाही? घेतो की. तक्रार केली की कंपनीकडून 'चेंज रिक्वेस्ट'चा फॉर्म येतो (त्यातही लाल तारे आहेत). मग समिती बसते, आणि समितीचा निष्कर्ष एकच असतो: आणखी एक चौकट हवी. थेंबांच्या २८ बाटल्यांनंतर 'नग तपासले का?' ही चौकट आली. नवजात बाळाला वयाच्या चौकटीत 'शून्य वर्षं' टाकता येईना, संगणकाच्या मते ते बाळ अजून झालेलंच नव्हतं, म्हणून सिस्टर सगळ्या बाळांना एक वर्षाचं करू लागल्या. हे उघडकीस आल्यावर 'वय खात्रीशीर आहे का?' अशी चौकट आली. वयाच्या चौकटीत शून्य अजूनही चालत नाही. आमच्या पडद्यावरची प्रत्येक चौकट ही कुठल्यातरी जुन्या घोटाळ्याची पुण्यतिथी आहे. पडदा भरत चाललाय आणि 'सेव्ह'चं बटण आता खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही.

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात डॉक्टरांनी यावर निराळा उपाय काढला होता. तिथे २००२ साली नवी प्रणाली आली, डॉक्टर वैतागले, बंड झालं आणि २००३ च्या जानेवारीत ती प्रणाली चक्क बंद करून कागद परत आणला गेला. बातमी वाचली तेव्हा माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. पण कागदाचा काळ मी पाहिलेला आहे. तेव्हा आम्ही तिघे फार्मासिस्ट एका चिठ्ठीभोवती उभे राहून हे 'एल' आहे की 'टी', यावर मतदान घ्यायचो. '.५' मधलं टिंब कागदाच्या घडीत हरवून ५ व्हायचे. आधी शून्य काढा, '०.५' लिहा, असं आम्ही डॉक्टरांच्या मागे लागून सांगायचो. प्रिस्क्रिप्शन वाचता येईल असं लिहा, शक्यतो मोठ्या अक्षरांत, हे वैद्यक परिषदेला २०१६ साली नियम करून सांगावं लागलं, यातच त्या अक्षराचा लौकिक आला. तेव्हा पडदा नकोच, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी त्याने माझ्या समोर पकडलेली आहे. एकाच रुग्णाला तीन वेगळ्या नावांनी लिहिलेलं पॅरासिटामॉलही त्यानेच दाखवलं.

माझी तक्रार एवढीच की हा पडदा आखणाऱ्याने थेंबाची बाटली कधी हातात घेतलेली दिसत नाही. पडद्यावर डॉक्टरांनी औषधं लिहिण्याची सुरुवात १९७१ साली कॅलिफोर्नियातल्या एल कॅमिनो रुग्णालयात झाली. तेव्हा डॉक्टर पडद्याला लाइट पेन टेकवून यादीतलं औषध निवडत. अर्धशतक उलटून गेलं. यादी लांबली, पेन गेलं, माउस आला, आणि अर्धी गोळी कशी लिहायची यावर अजून चर्चा चालू आहे.

ती संपेपर्यंत, खिडकीच्या बाहेर उभ्या राहणाऱ्यांना माझी विनंती आहे. वजन विचारलं तर अंदाजाने सांगू नका. आजींना काट्यावर उभं करा. बिलातला 'नग' म्हणजे गोळी की पट्टी, हे तिथल्या तिथे विचारा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आणि संधिवाताची ती गोळी आठवड्यातून एकदाच, कागदावर काहीही छापून आलेलं असलं तरी. खात्री वाटत नसेल तर डॉक्टरांना विचारून मगच घ्या. आणि आतला माणूस काम सोडून फोनवर बोलतोय असं दिसलं तर खिडकी वाजवू नका. तो तुमचंच औषध ठरवतोय.